नाहीतर आयटीआयला जाशील!

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, एक माजी विद्यार्थी घरी आला. पन्नाशी ओलांडलेला, पुढचे केस गेलेले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं तरी मला ओळख पटेना. शेवटी तोच म्हणाला, "बाई, सत्त्याऐंशी सालची नववी ब. शेवटचा बाक." मग मात्र आठवला. निबंधाची वही कधीही वेळेवर न देणारा, पण वर्गातला पंखा अडला की शिपायाच्या आधी बाकावर चढणारा!

चहा झाला, घरच्या चौकशा झाल्या. उद्यमनगरात त्याचं स्वतःचं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, बारा माणसं कामाला. बोलता बोलता हसत म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला काय म्हणायचा आठवतंय का? 'अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला जाशील!' मी गेलो की ओ आयटीआयला!"

तो मनापासून हसला. मला काही हसू आलं नाही.

वाक्य माझंच होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ते किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. आम्ही सगळेच म्हणत होतो. गणितात वारंवार नापास होणाऱ्या मुलाच्या वडिलांना शिक्षक-खोलीत बोलवायचं आणि आवाज खाली आणून सांगायचं, "याला काहीतरी हातचं काम शिकवा." एखाद्या घरी सांत्वनाला गेल्यासारखा सूर असायचा आमचा! आणि ज्यांना हे सांगत होतो ते वडील बरेचदा स्वतःच फाउंड्रीत मोल्डर नाहीतर गॅरेजमध्ये फिटर असायचे. त्यांच्यासमोर त्यांच्याच कामाला आपण शिक्षा म्हणतोय हे मनातसुद्धा आलं नाही कधी.

तर तो आला होता कामासाठी. "बाई, माणसं मिळंनात," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, इकडे तर रोज पोरं नोकरी नाही म्हणून फिरताना दिसतात." तो म्हणाला, "तेच सांगायला आलोय. एकदा शॉपवर या."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचं गाव म्हटलं की लोकांना अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि कुस्ती आठवते. पण शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्यांमधून एकदा हिंडून बघा. एकीकडे लेथ, समोर ग्राइंडर, पलीकडे पॅटर्नवाला. शेतातल्या पाण्याच्या ऑइल इंजिनांपासून इथल्या वर्कशॉपांचं नाव झालं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव इथे एमआयडीसी झाल्या. आज इथल्या फाउंड्र्यांमधलं कास्टिंग मोठमोठ्या वाहन कंपन्यांना जातं. आणि हे सगळं ज्यांनी उभं केलं त्यांतले कितीतरी जण शाळेच्या हिशेबाने 'मागच्या बाकावरचे' होते.

शॉपवर गेले. त्याने एका कोपऱ्यात रचून ठेवलेले शाफ्ट दाखवले. साठ नग, सगळे भंगारात जायचे. माप हवं होतं पंचवीस मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२. म्हणजे २४.९८ ते २५.०२ चालेल. झालं असं, की कापणाऱ्या हत्याराचं टोक झिजलं म्हणून मुलाने ते बदललं. त्याला 'इन्सर्ट' म्हणतात. जुनं झिजलेलं असताना मशीनला जी दुरुस्ती सांगून ठेवली होती ती नवं बसवल्यावर पुन्हा जुळवायला हवी. ती राहिली. नवं टोक थोडं जास्त खोल कापू लागलं आणि माप आलं २४.९५. माप जास्त आलं असतं तर पुन्हा कापून नीट करता आलं असतं. कमी आलं की संपलं. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही!

पण मला धक्का बसला तो पुढचं ऐकून. त्या मुलाने नियमाप्रमाणे दर पाचव्या नगाचं माप घेऊन तक्त्यात लिहिलं होतं. बारा वेळा. बाराही वेळा खरं माप लिहिलं होतं, २४.९५. आणि मशीन चालूच ठेवलं होतं.

मुलगा आयटीआय पास, टर्नर ट्रेडचा. चांगला आहे, कामाला चुकार नाही. मी त्याला विचारलं, "बाळा, माप चुकतंय हे कळलं नाही का तुला?" तो म्हणाला, "कळलं होतं थोडं." "मग सांगितलं का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "सांगितलं तर मलाच बोलतील असं वाटलं."

घरी येईपर्यंत हेच वाक्य डोक्यात होतं. ही भीती काही त्याला वर्कशॉपने शिकवली नव्हती. वर्गात "सर, कळलं नाही" म्हणणाऱ्याला आपण जे उत्तर देतो तिथून ती येते. तक्ता हा साहेबाला दाखवायचा कागद असतो, तो आपण स्वतः वाचायचा असतो हे त्याला कोणी शिकवलं नाही, हीदेखील आमचीच देणगी. आमच्या शाळांमधल्या प्रयोगवह्या आठवा. उत्तर आधी, निरीक्षण नंतर! 'कौशल्याची दरी' असा शब्द हल्ली पेपरात वारंवार येतो. मला वाटायचं, ती दरी म्हणजे नवी मशीनं आणि जुने अभ्यासक्रम यांच्यातली. ती आहेच. पण त्या दिवशी मला दिसली ती दरी आठवीच्या दशांश अपूर्णांकात आणि मराठीच्या तासाला न विचारलेल्या प्रश्नात होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण कारखानदार मंडळीही काही कमी नाहीत. मी त्याला विचारलं, "तू का शिकवत नाहीस मग नवीन पोरांना?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, सहा महिने मी माझा चांगला ऑपरेटर त्याच्यामागं लावायचा, त्या काळात माल कमी निघणार, पोरगा तयार झाला की पलीकडचा दोन हजार जास्त देऊन नेणार. मग मी शिकवू कशाला? मीच पलीकडच्याचा नेतो!" आता बोला! प्रत्येकाला तयार माणूस हवा आणि तयार करायचा कोणी, तर शेजाऱ्याने.

कायदा आहे. १९६१चा अप्रेंटिस कायदा. त्याच्या २०१९च्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण उद्यमनगरात तीस माणसं असलेली वर्कशॉप किती निघतील? चार ते एकोणतीस माणसं असतील तर घेणं न घेणं मालकाच्या मर्जीवर. २०१६ साली सरकारने विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना पंधराशेपर्यंत, आपण देण्याची योजना आणली. पैसा मिळतो. पण माझा विद्यार्थी म्हणतो त्याप्रमाणे पैशापेक्षा महाग आहे तो चांगल्या ऑपरेटरचा तास.

म्हणून त्याने आणि आणखी पाच वर्कशॉपवाल्यांनी मिळून ठरवलं होतं, की सगळ्यांनी एकत्रच शिकवायचं. सहाजण सहभागी असले की कोणी कोणाचा पोरगा पळवला याचं दुःख वाटून घेता येतं! आपल्या जुन्या शाळेतल्या नववीच्या मुलांना दर शनिवारी दोन तास बोलवायचं, अशी कल्पना. मुख्याध्यापकांना भेटला तर ते म्हणाले, "बाईंना विचारा, त्यांनी पूर्वी एकदा असं केलं होतं."

हो. केलं होतं. आणि ती आठवण निघू नये असं मला फार वाटत होतं.

१९९६ची दिवाळीची सुट्टी. एका मोठ्या कारखान्याने शाळेपुढे प्रस्ताव ठेवला, की वीस मुलं बारा दिवसांसाठी पाठवा, आम्ही त्यांना उद्योगाचा अनुभव देऊ. नाव लिहीत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. शाळेत समारंभ झाला, नारळ फुटला, करारावर सह्या झाल्या, पेपरात फोटो आला. मला प्रमुख नेमलं. मी पहिल्या दिवशी मुलांना सोडायला गेले आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रांच्या वेळी गेले. मधले दहा दिवस मी दिवाळीचा फराळ करत होते.

सुट्टीनंतर मी नेहमीप्रमाणे निबंध दिला, 'मी कारखान्यात काय शिकलो'. एका मुलाने फक्त पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या. मला त्या अजून आठवतात. त्याने लिहिलं होतं, की मी बारा दिवस वॉशर मोजून पिशव्या भरल्या. एका पिशवीत शंभर. मशीनजवळ जायला बंदी होती. शेवटचे दोन दिवस आम्ही शेड झाडली. थंड पाण्याचा नळ साहेबांसाठी होता. मी काय शिकलो ते मला सांगता येत नाही.

मी खाली लाल शाईने लिहिलं, 'विषयाला धरून लिही. नकारात्मक विचार नकोत.' आणि दहापैकी चार गुण दिले. ज्याला नऊ दिले त्याने 'कारखाने ही आधुनिक भारताची मंदिरे आहेत' अशी सुरुवात करून दोन पानं लिहिली होती. गाइडमधून. तो निबंध मी शाळेच्या वार्षिक अंकात छापलाही. अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्यांना औद्योगिक जगाचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला.' पुढच्या वर्षी कारखान्याला घाईच्या ऑर्डरी नव्हत्या, त्यामुळे अनुभव द्यायची गरज पडली नाही.

बारा वेळा २४.९५ लिहिणारा तो टर्नर आणि खरं लिहून चार गुण मिळवणारा हा मुलगा. सारखं वाटत राहिलं, की पहिला मुलगा घडवण्याच्या कामात माझाही हातभार आहे.

मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं, पंधरा दिवस दे, मग सांगते. त्या पंधरा दिवसांत जुनं-नवं बरंच वाचून काढलं. (सवय जात नाही. बीएला मराठीतून समाजशास्त्र वाचलं तेव्हापासून आधी टिपणं, मग मत!)

वाचताना लक्षात आलं की आपण हे सगळं किती वर्षं बोलतो आहोत. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची नई तालीम मांडली. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव शाळेत आणायला सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आमच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. म्हणजे हा विचार दिल्लीहून आमच्याकडे आला असं म्हणायचीही सोय नाही, तो इथूनच तिकडे गेला होता! आणि आमच्या शाळेत त्या कार्यानुभवाचं काय झालं? खडू, मेणबत्त्या, कागदी फुलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून विकत आणलेली. मी स्वतः त्या फुलांना 'अ' श्रेणी दिली आहे.

जवळच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी आठवा. १९१० साली तिथे कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. शिक्षक आणि कारखानदार एकाच माणसात मावू शकतात याचं आणखी कोणतं उदाहरण हवं?

२००७-०८ साली केंद्र सरकारने १३९६ सरकारी आयटीआयसाठी योजना काढली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, एक उद्योग भागीदार, आणि त्या उद्योगाचा माणूस अध्यक्ष असलेली व्यवस्थापन समिती. कल्पना चांगली. पण कर्जातून मशीन येतं. दर आठवड्याला येऊन मुलाच्या शेजारी उभा राहणारा माणूस कुठल्याच कर्जातून येत नाही.

मला सर्वांत पटलं ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. ते सोडून १९८३ साली त्यांनी पाबळसारख्या दुष्काळी गावात काम सुरू केलं. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, घर आणि आरोग्य. यातलं मर्म असं, की काम खोटं नसतं. गावातल्या कोणाला तरी ती वस्तू किंवा सेवा खरोखरच हवी असते आणि तो तिचे पैसे मोजतो. खुर्ची डुगडुगली तर गिऱ्हाईक सांगतं, बाईंना लाल शाई लागत नाही. कलबाग २००३ साली गेले, पण काम पुढे चालू राहिलं आणि कितीतरी शाळांमध्ये गेलं.

आणि जर्मनी. माझा भाचा तिकडे आहे, त्याच्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं. तिथे शिकाऊ मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो आणि उरलेले दिवस कारखान्यात, तीन-साडेतीन वर्षं. कारखाना त्याला विद्यावेतन देतो, परीक्षा उद्योग-व्यापार मंडळं घेतात. १९६९पासून त्याचा देशभर एक कायदा आहे. मला आवडलं ते असं, की शिकाऊ मुलांची जबाबदारी घेणाऱ्या कारखान्यातल्या प्रशिक्षकालाही शिकवता येतं का याची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे शिकवणं हेसुद्धा कौशल्य आहे असं तिथल्या कारखान्यांना वाटतं. बरं, त्यांच्याकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी इथून कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, कारण तिकडेच माणसं कमी पडतात. माझा विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, "झालं! आता पलीकडचा गल्लीत नाही, जर्मनीत बसलाय."

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे. २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असंही उद्दिष्ट होतं. वाचून बरं वाटलं. पण १९९६चा अहवालही वाचायला बराच होता की!

पंधरा दिवसांनी मी त्याला होकार दिला, पण अटी घातल्या. मुलांकडून विक्रीचं एकही काम करून घ्यायचं नाही, पिशव्या भरणं तर नाहीच. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, चालू मशीनला हात नाही. मोजायचं, रेखाचित्र वाचायचं, कानस चालवायची, बघायचं आणि विचारायचं. दर शनिवारी तोच एक कारागीर, बदली माणूस नको. शाळेचा एक शिक्षक पूर्ण दोन तास तिथे हवा. मुली हव्यात. आणि प्रत्येक मुलाने वही लिहायची, जी वर्कशॉपच्या मालकाने स्वतः वाचायची. शेवटची अट ऐकून तो म्हणाला, "बाई, पुन्हा निबंध?" मी म्हटलं, "या वेळी तपासायचे तू आहेस."

ऑगस्टमध्ये अठ्ठावीस मुलं सुरू झाली. त्यांत सात मुली. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दसऱ्याच्या सुमारास दोन वर्कशॉपवाल्यांनी हात वर केले. डिलिव्हरीची घाई, माणूस देता येत नाही. तीन मुलींच्या घरून 'तिथे सगळे पुरुष असतात' म्हणून नकार आला. त्यातल्या एकीच्या घरी मी स्वतः जाऊन बसले तेव्हा ती परत आली. शाळेतल्या शिक्षकांना निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. दोन शनिवार कोणीच आलं नाही, तेव्हा मी गेले. सत्तरी उलटलेली बाई स्टूल टाकून लेथजवळ बसलेली बघून चहावाल्यालाही मौज वाटत होती! मार्चपर्यंत एकोणीस मुलं टिकली.

पण काय काय बघायला मिळालं म्हणून सांगू. व्हर्निअर कॅलिपर हातात घेऊन आपल्या केसाची जाडी मोजायचा प्रयत्न करणारी पोरं. ०.०२ हा आकडा फळ्यावर शून्यासारखाच दिसतो, पण शाफ्ट भोकात बसत नाही तेव्हा तो डोंगराएवढा होतो हे त्यांना कळलं. गणिताचे सर मला म्हणाले, "बाई, मी वीस वर्षं दशांश शिकवतोय, तो कशाला लागतो हे मीही पहिल्यांदाच बघितलं." आणि त्या वर्कशॉपमधला साठीचा टर्नर, आयुष्यभर कोणी ज्याला 'सर' म्हटलं नव्हतं, तो दुसऱ्या महिन्यापासून शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला. मुलांना काही समजावताना आधी घसा खाकरायचा. अगदी माझ्यासारखा!

ज्याने साठ नग घालवले होते तो तरुण मुलांना तक्ता भरायला शिकवतो. ती कल्पना माझ्या विद्यार्थ्याची. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःची चूक सगळ्यांना सांगितली आणि म्हणाला, "माप चुकलं तर लाल बटण दाबायचं आणि ओरडायचं. शिव्या बसल्या तर मी बघतो."

मार्चमध्ये मी पुन्हा तोच निबंध दिला, 'मी वर्कशॉपमध्ये काय शिकलो'. एकोणतीस वर्षांनी. माझ्या घरी परत आलेल्या त्या मुलीने लिहिलं, की तिला डिप्लोमा करायचा आहे आणि रेखाचित्रातली तुटक रेघ म्हणजे आतली न दिसणारी कड असते हे तिला फार आवडलं. पण मी बराच वेळ हातात धरून बसले ती वही दुसऱ्याच एका मुलाची होती. त्याने लिहिलं होतं, की मला हे काम आवडलं नाही. तिथे फार आवाज असतो. मी दुसरं काहीतरी शिकणार आहे. पण माझे वडील फाउंड्रीत आहेत, ते घरी मोठ्याने बोलतात, मला वाटायचं ते सारखे चिडलेले असतात. आता मला कळलं की त्यांना कमी ऐकू येतं.

मी गुण दिले नाहीत. वही माझ्या विद्यार्थ्याकडे पाठवली, कारण ठरल्याप्रमाणे तपासायची त्याने होती. त्याने वाचली. फोनवर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बारा माणसांसाठी कानात घालायचे बोळे आणले एवढं मात्र त्या म्हाताऱ्या टर्नरकडून कळलं.

आता कोणी विचारेल, की बाई, चार वर्कशॉप आणि एकोणीस पोरं, याने दरी बुजणार का? नाही बुजणार. त्यातले किती जण या धंद्यात येतील कोण जाणे. तो निबंध लिहिणारा तर येणारच नाही म्हणतो. आणि तरी त्याचा शनिवार वाया गेला असं मला वाटत नाही. आपल्याला काय नको हे पंधराव्या वर्षी, स्वतःच्या डोळ्यांनी बघून कळणं ही काय लहान गोष्ट आहे? आमच्या वेळी ते बाई ठरवायच्या, गणिताच्या गुणांवरून.

एवढं मात्र मला आता पक्कं कळलंय. शाळा आणि कारखाना यांच्यात करार करायला एक सकाळ आणि एक नारळ पुरतो. खरी भागीदारी तेव्हाच होते जेव्हा दोघेही आपल्याकडची महागडी वस्तू देतात. कारखान्याने आपल्या सर्वांत चांगल्या माणसाचे तास द्यायचे. आणि शाळेने? आपला तोरा. पेन धरणारा हात वरचा आणि कानस धरणारा हात खालचा, हा जो आमचा न लिहिलेला धडा आहे तो अभ्यासक्रमातून काढायचा. तो काढायला शासन निर्णय लागत नाही.

१९९६च्या त्या मुलाचा मी शोध घेतला. त्याच्या वर्गातल्या तिघा-चौघांना विचारलं. कोणालाच ठाऊक नाही. वह्या तर कधीच रद्दीत गेल्या. भेटला असता तर सांगितलं असतं, की निबंध विषयाला धरूनच होता.

असो. जूनमध्ये दुसरी तुकडी सुरू करायची आहे आणि सोडून गेलेल्या दोघांच्या जागी वर्कशॉप हवी आहेत. कोल्हापुरातल्या नातेवाईक मंडळींपैकी कोणाचं असेल तर कळवा. शनिवारचे दोन तास आणि एक चांगला माणूस, एवढंच. चहा मी देईन.